व्हेनिसच्या चौकातलं पाणी

व्हेनिसला निघालेलं कोणी माझ्याकडे यादी मागतं, तेव्हा मी रिआल्तोचा पूल आणि सान मार्कोचा चौक त्यात लिहीत नाही. ते दिसतातच, गावातल्या सगळ्या पिवळ्या पाट्या तिकडेच नेतात. मी लिहिते, कुठल्याही साध्या चौकात जा, मधोमध दगडी विहीर असेल, तिच्यापाशी थांबा आणि पायाखालची फरशी बघा. विहिरीपासून काही पावलांवर फरशीत पांढरे दगड बसवलेले दिसतील, भोकं पाडलेले. सगळ्या चौकाचा उतार, कळेल न कळेल इतका, त्या दगडांकडे असतो. पाऊस पडत असेल तर फारच चांगलं. पाणी त्या भोकांकडे धावतं, आणि हे गाव इथे हजार वर्षं कसं तगलं ते तिथे उभ्या उभ्या कळतं.

मला हे आईमुळे दिसलं. मी म्युनिकला राहते. आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती, आणि तिथून ब्रेनर खिंडीतून उतरणाऱ्या गाडीने आम्ही दोघी व्हेनिसला गेलो. आईचं माहेर माण तालुक्यातलं. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो. पण सह्याद्रीने ढग अडवल्यावर पलीकडे जे उरतं ते माण. तिथल्या बायकांचं निम्मं आयुष्य पाण्याच्या हिशेबात जातं. अशी बाई व्हेनिसच्या स्टेशनातून बाहेर आली. पायऱ्या संपतात तिथेच मोठा कालवा सुरू होतो, समोर चर्चचा हिरवा घुमट, बोटींची ये-जा. आजूबाजूचे सगळे थबकून फोटो काढत होते. आईने एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे खारं असणार ना गं?"

"हो, समुद्राचंच."

"मग ही माणसं प्यायची काय?"

मी त्याआधी एकदा व्हेनिसला आले होते. हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. संध्याकाळी सामान टाकून आम्ही फिरायला निघालो, आणि पहिल्याच चौकात आईला उत्तर सापडलं. ती विहिरीभोवती एक चक्कर मारून आली. लोखंडी झाकणावर हात ठेवला, मग दगडाच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं. तिथे खाचा पडलेल्या होत्या. दोराने दगड झिजला की पडतात तशा. त्या खाचांबद्दल तिला काहीच सांगावं लागलं नाही.

आता या विहिरींची खरी गोष्ट. त्या विहिरी नाहीतच. लगून म्हणजे समुद्राकाठची उथळ खाडी. तिच्या मध्यावर, शंभराहून जास्त लहान बेटांवर वसलेल्या या गावात जमीन थोडी खणली की खारं पाणी लागतं. झरा कुठून येणार? म्हणून त्यांनी जमिनीकडे मागायचं सोडून आकाशाकडे मागितलं. चौक काही मीटर खोल खणायचा. त्या खड्ड्याला आतून चिकणमातीचा जाड लेप द्यायचा, बाहेरचं खारं पाणी आत येऊ नये आणि आतलं गोडं बाहेर जाऊ नये म्हणून. मधोमध विटांची उभी नळी बांधायची आणि भोवतीचा सगळा खड्डा वाळूने भरायचा. पाऊस फरशीवर पडतो, उताराने भोकांच्या दगडांपर्यंत जातो, खालच्या पोकळीत उतरतो, तिथून वाळूत मुरतो आणि गाळून गाळून मधल्या नळीच्या तळाशी येतो. वर दिसतो तो फक्त कठडा. आपल्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात ना, त्यांचंच हे चिखलातलं भावंड. फरक इतकाच, की इथे टाक्याच्या डोक्यावर बाजार भरतो, लग्नाची वरात जाते, मुलं चेंडू खेळतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोजणी झाली तेव्हा अशा सहा हजारांहून जास्त विहिरी भरल्या. बहुतेक खाजगी, वाड्यांच्या अंगणातल्या. सार्वजनिक त्यामानाने थोड्या, पण गाव त्यांच्यावर चालत असे. त्यांना कुलूप असे. त्या त्या वस्तीच्या मुखियाकडे किल्ली. सकाळी आणि संध्याकाळी घंटा व्हायची, झाकण उघडायचं, लोक भरायला यायचे, वेळ संपली की पुन्हा कुलूप. भरतीचं पाणी चढून चौकात आलं तर टाकं नासायचं. म्हणून बऱ्याच ठिकाणी कठडा दोन पायऱ्यांच्या जोत्यावर उचलून घेतलेला आहे. एवढं करूनही पुरत नसे. मग ब्रेन्ता नदीचं गोडं पाणी बोटींत भरून आणायचं आणि टाक्यांत ओतायचं. हे काम करणाऱ्या पाणक्यांचा स्वतःचा संघ होता. घरोघरी पाणी पोचवणाऱ्या बायकाही होत्या, बहुतेक उत्तरेच्या फ्रिउली प्रांतातून पोटासाठी आलेल्या. खांद्यावर लाकडी कावड, दोन टोकांना तांब्याच्या बादल्या. जुन्या छायाचित्रांत त्या दिसतात, डोक्यावर हॅट, पाठ ताठ.

दोजे म्हणजे व्हेनिसचा राज्यकर्ता. त्याच्या राजवाड्याच्या अंगणात अशाच दोन विहिरी आहेत, सोळाव्या शतकात ब्राँझमध्ये ओतलेल्या, नक्षीने भरलेल्या. मार्गदर्शक त्यांच्याजवळून पंचवीस माणसांचा घोळका पुढे नेतो, कारण त्याला वर जाऊन तिन्तोरेत्तोचं प्रचंड चित्र दाखवायचं असतं. चित्र मोठंच आहे. पण राज्यकर्त्याच्या दारात, त्याच्या नक्षीदार विहिरीवर फ्रिउलीच्या त्या कावडवाल्या बायका पाणी भरायला येत, हे मला त्या चित्राहून मोठं वाटतं. आई तिथे बराच वेळ बसली. वर आलीच नाही. म्हणाली, "तू बघून ये. मला इथे बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही नकाशा पिशवीत ठेवून दिला. व्हेनिसमध्ये नकाशाचा तसाही फार उपयोग नाही. घरांचे क्रमांक गल्लीला धरून नसतात. सगळं गाव सहा पेठांत विभागलेलं आणि प्रत्येक पेठेचे क्रमांक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. कास्तेल्लो पेठेत तर ते सहा हजारांच्या पुढे पोचतात. पत्ता सांगतात तो चर्चवरून आणि पुलावरून. एक गल्ली खांदे घासत आत नेते, घराखालच्या बोळातून वळवते आणि थेट पाण्याच्या पायरीवर सोडते. पुढे वाट नाही. परत फिरा. मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. त्यामुळे माणसाच्या चालण्याचा आवाज ऐकू येतो, आणि पावलागणिक कळतं की मागून येणारा घाईत आहे की म्हातारा आहे.

कालवे कसे दिसतात हे मी सांगत बसत नाही, त्यावर पुष्कळ लिहून झालेलं आहे. मला आवडतं ते कालव्यातलं रोजचं काम. सकाळी लवकर उठलं तर ते दिसतं. वॉशिंग मशीन घेऊन जाणारी बोट, सिमेंटच्या गोण्यांची बोट, कचऱ्याची बोट, तिच्यावरचा क्रेनचा हात. सान्ती जोव्हान्नी ए पाओलोच्या चौकात कोल्लेओनीचा प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा आहे, व्हेरोक्क्योने घडवलेला. त्या पुतळ्याच्या जवळच विहीर, तिच्या कठड्यावर माळा धरलेली गुबगुबीत मुलं कोरलेली. आणि शेजारी ती संगमरवरी इमारत, जिच्या देखण्या दर्शनी भागासमोर लोक फोटो काढतात. ते गावाचं सरकारी रुग्णालय आहे. मागच्या बाजूला पाण्यातून ॲम्ब्युलन्सच्या बोटी येतात. आम्ही बसलो असताना एक आजोबा हाताला पट्टी बांधून त्या दारातून बाहेर आले आणि विहिरीच्या पायरीवर टेकले. गाव जिवंत आहे हे असं कुठे तरी दिसतं, आणि मला ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं, कारण ते कमी कमी होत चाललं आहे.

पण त्याआधी लगूनबद्दल. व्हेनिसभोवतीचं पाणी म्हणजे सरळ समुद्र नव्हे. साडेपाचशे चौरस किलोमीटरची उथळ खाडी आहे, कोकणातल्या खाजणासारखी. समुद्राच्या बाजूला वाळूचे लांब पट्टे, त्यांत तीन तोंडं, त्यांतून दिवसाला दोनदा भरती आत येते आणि गावाची घाण घेऊन बाहेर जाते. ही खाडी आपोआप टिकलेली नाही. ब्रेन्ता, सिले, पिआवे या नद्या डोंगरातून गाळ आणून तिच्यात ओतत होत्या. तसंच चालू राहिलं असतं तर खाडी भरून शेत झाली असती आणि व्हेनिस कोरड्या जमिनीवरचं एक साधं गाव. चौदाव्या ते सतराव्या शतकापर्यंत, पिढ्यामागून पिढ्या, या लोकांनी नद्यांची तोंडं वळवून खाडीबाहेर नेली. 1501 साली पाण्यासाठी वेगळं खातंच उभं केलं. कोर्रेर संग्रहालयात त्या खात्याची एक संगमरवरी पाटी आहे, लॅटिनमधली. तिचा आशय असा, की पाणी हीच या नगरीची तटबंदी आहे, आणि जो कोणी सार्वजनिक पाण्याची कोणत्याही प्रकारे हानी करील तो देशाचा शत्रू समजला जाईल. मी वाचून आईला अर्थ सांगितला. तिने मान हलवली. तिला यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. पाणी नासवणारा शत्रूच.

त्याच संग्रहालयात जुनी नाणी आहेत. मी पुढच्या दालनाकडे निघाले होते, इतक्यात आईने हाक मारली. "अगं, इकडे ये. ही पुतळी आहे!"

काचेमागे व्हेनिसची सोन्याची नाणी होती. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे, दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू, भोवती तारे. आईच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती आणि लहानपणी तिच्या मांडीवर बसून आई त्या चकत्या मोजायची. त्यावरच्या बाहुल्या तिला पाठ होत्या. तिची समजूत, ते राम आणि सीता. अनेक घरांत हीच समजूत होती. ही पुतळी म्हणजे व्हेनिसचा ड्युकाट. 1284 साली पहिल्यांदा पाडला, वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. 1797 साली नेपोलियनने हे प्रजासत्ताक बुडवलं तोपर्यंत, म्हणजे पाच शतकं, ना वजन घटलं ना कस. म्हणून तर ते जगभर चाललं. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाला मिरी आणि मसाले घ्यायचे, मोबदल्यात सोनं द्यायचे, आणि ते सोनं तांबड्या समुद्रातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं. शिवकाळातल्या नोंदींत पुतळी हे नाणं येतं. लोकांनी ते ओवून गळ्यात घातलं, आणि पुढे आपल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवायला सुरुवात केली.

ती माळ आता घरात नाही. 1972 च्या दुष्काळात मोडली. आईचे वडील खडी फोडायला जात होते, विहीर आटलेली, बैल विकून झालेले. आजीने माळ काढून दिली. आई हे सगळं त्या काचेपुढे उभी राहून सांगत होती, नेहमीच्या आवाजात. आमच्या मागे शाळेची मुलं रांगेने उभी होती आणि त्यांच्या बाई आमचं बोलणं संपायची वाट बघत शांतपणे थांबल्या होत्या. मिरीसाठी निघालेलं सोनं आजीच्या गळ्यापर्यंत पोचलं आणि पाण्याअभावी गेलं. मला त्या दालनातून लवकर निघवेना.

1884 साली मुख्य भूमीवरून नळ आले आणि विहिरींची झाकणं कायमची बंद झाली. यात हळहळण्यासारखं काही नाही. कावडीने पाणी वाहणाऱ्या बाईला विचारा, नळ हवा की नक्षीदार कठडा. आज चौकाचौकांत नळ आहेत, पाणी थंड आणि चांगलं, बाटली भरून घ्यावी. हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. 1917 नंतर खाडीच्या काठावर मार्गेराला कारखाने उभे राहिले. त्यांना गोडं पाणी हवं होतं. त्यांनी जमिनीत खोल नळ्या घातल्या आणि दशकानुदशकं भूगर्भातलं पाणी उपसलं. खालचा थर दबला, वरचं शहर खचलं. विसाव्या शतकात व्हेनिस समुद्राच्या तुलनेत सुमारे 23 सेंटीमीटर खाली गेलं. त्यात समुद्र चढल्याचा वाटा आहे, आणि तितकाच जमीन खचल्याचाही. उपसा थांबवला तो 1970 च्या दशकात. ज्या गावाने हजार वर्षं वरून पडणारा थेंब जपून दिवस काढले, त्याच्या पोटाखालून कोणी विचारलंही नाही आणि पाणी काढून नेलं. बोअरवर बोअर मारत सातशे-आठशे फुटांवर गेलेल्या गावची आई हे ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "आणि पुन्हा वर आलं का?"

फारसं नाही, आई. दबलेला थर पुन्हा पहिल्याइतका फुगत नाही.

4 नोव्हेंबर 1966 ला भरती 194 सेंटीमीटरवर गेली. दक्षिणेचा वारा पाणी आत रेटत राहिला आणि ओहोटी झालीच नाही. 12 नोव्हेंबर 2019 ला पुन्हा 187. त्यानंतर खाडीच्या तिन्ही तोंडांवर बसवलेली दारं वापरात आली. एकूण 78 दारं, पोलादी आणि पोकळ, एरवी पाण्याने भरून तळाशी पडून असतात. मोठी भरती येणार असं दिसलं की त्यांत हवा भरायची, पाणी बाहेर पडतं, दारं उचलली जातात. 3 ऑक्टोबर 2020 ला ती पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभी राहिली आणि सान मार्कोचा चौक कोरडा राहिला. या कामात पैसे खाल्ल्याच्या आरोपांवरून 2014 मध्ये मोठमोठ्या माणसांना अटक झाली, वर्षानुवर्षं उशीर झाला, खर्च पाच अब्ज युरोंच्या पुढे गेला. तरी ती दारं उठली तेव्हा गावातल्या कितीतरी दुकानदारांना रडू आलं असेल. वारंवार दुकान धुऊन काढणाऱ्या माणसाला खर्चाचे आकडे वेगळे दिसतात.

समुद्राला दार लावता आलं. माणसं निघून जातात त्याला दार नाही. रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधांच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून एक आकडा दिव्यांनी लावलेला आहे, जुन्या शहरात उरलेल्या रहिवाशांचा. 1951 मध्ये इथे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. घरं पर्यटकांना भाड्याने दिली की जास्त पैसे मिळतात, म्हणून घर मिळत नाही. घर नाही म्हणून तरुण मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला जातात. मुलं नाहीत म्हणून शाळेची तुकडी बंद होते. किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांचं दुकान येतं. 2021 पासून मोठी प्रवासी जहाजं सान मार्कोसमोरून जात नाहीत, हे फार चांगलं झालं. 2024 मध्ये एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात झाली. मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही, पण पाच युरोंनी गर्दी हटत नाही आणि घरही स्वस्त होत नाही. भाड्याच्या खोल्यांवर मर्यादा घातल्याशिवाय हा आकडा थांबणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपण पाहुण्यांनी करण्यासारखं थोडं आहे, पण आहे. सकाळी येऊन संध्याकाळी पळू नये. हॉटेलात राहावं, कोणाचं राहतं घर अडवू नये. रिआल्तोच्या मासळीबाजारात आणि भाजीबाजारात खरेदी करावी, कारण गिऱ्हाईक नसलं की तोही उठेल. पुलाच्या पायरीवर फतकल मारून खाऊ नये, त्या पायऱ्यांवरून कोणी बाळाची गाडी उचलून चढवत असतं.

शेवटच्या दिवशी मी आईला पेल्लेस्त्रीनाला नेलं. लीदो बेटावरून बस निघते, बससकट फेरीबोटीत चढते आणि पुढच्या पट्ट्यावर उतरते, हे आईला गोंडोलापेक्षा जास्त आवडलं. पेल्लेस्त्रीना म्हणजे वाळूचा चिंचोळा पट्टा. एका बाजूला खाडी आणि कोळ्यांची रंगीत घरं, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. मध्ये भिंत. 1744 पासून 1782 पर्यंत बांधत होते. इस्त्रियाचा पांढरा दगड आणि पाण्यातही घट्ट धरणारा ज्वालामुखीच्या राखेचा चुना. राज्य तेव्हा उतरणीला लागलं होतं, भिंत पुरी झाल्यावर पंधरा वर्षांत संपलं. तरी त्यांनी ही भिंत बांधली. 1966 मध्ये समुद्राने तिला भगदाडं पाडली आणि इथल्या लोकांना घरं सोडून जावं लागलं. मग दुरुस्ती झाली, लोक परत आले.

भिंतीच्या आतल्या बाजूला वाल आणि टोमॅटोचे वाफे होते. एक बाई झारीने पाणी घालत होती. आई वाफ्याच्या कडेला उभी राहिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या बाईने भिंतीकडे बोट दाखवून मग हात छातीइतका वर नेला, पाणी कुठवर आलं होतं ते सांगायला. आईने आपल्याकडच्या सवयीने विचारलं, "मग माती खारट झाली असेल, किती वर्षांनी पिकायला लागली?" मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये प्रश्न पोचवला. बाईने झारी खाली ठेवली आणि सांगायला लागली, आणि आमची पुढची बस गेली.